ताडपत्री घेताना जुनीचे माप नको, मालाचे माप घ्या

मृगाच्या आधी अकोला-अमरावतीत ताडपत्रीचे गिऱ्हाईक वाढते. बहुतेक मंडळी जुनी ताडपत्री घेऊन येतात आणि ‘एवढीच द्या’ म्हणतात. आमच्या मते घोटाळा इथेच सुरू होतो. सुती कॅनव्हास भिजून आखडतो, दोराच्या ओढीने वेडावाकडा ताणतो, फाटले की काठ दुमडून पुन्हा शिवला जातो. त्याचे आजचे माप म्हणजे तुमची गरज नव्हे. होडीचे शीड बदलताना जाणता कारागीर जुन्या शिडावर विसंबत नाही, तो डोलकाठी आणि परबाण मोजतो. कापड बदलते, काठी बदलत नाही.

आता यार्डातला हिशेब पाहा. तुरीच्या पोत्यांची थप्पी २० फूट लांब, १० फूट रुंद, ८ फूट उंच आहे. रुंदीला १० अधिक दोन्ही अंगांची उंची १६, म्हणजे २६. जमिनीवर दोन-दोन फूट पसरायला हवेच, म्हणून ३०. याच रीतीने लांबी ४०. चार पैसे वाचवायला ३० बाय २४ ची नेली, तर लांबीच्या दोन्ही टोकांना खालची तीन-तीन फूट पोती उघडी राहतात. एका रात्रीच्या पावसात खालचे थर फुगतात, आणि अडत्या सकाळी भाव पाडूनच बोलतो.

विकणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. काठ दुमडण्याआधीचे माप सांगून माल खपवू नका. बिलावर तयार माप आणि जीएसएम लिहा. गिऱ्हाइकाने दहा सेंटिमीटर लांब-रुंद नमुना मागून सराफाच्या काट्यावर ठेवावा. दोन ग्रॅम भरला तर माल २०० जीएसएमचा. दीडच भरला, तर बोलणे तिथेच संपले.

कापड कोणते? एचडीपीई हलके, स्वस्त, पाणी आत येऊ देत नाही. पण उन्हापासून बचावाचा मसाला त्यात नसेल तर ते लवकर कडकते, आणि आतून घाम धरते. ऊन पडताच ते उचलून मालाला वारा द्यावा लागतो. ट्रकवर रोजची ओढाताण असते, तिथे आम्ही अजून जाड कॅनव्हासच सुचवतो. मात्र ओला घडी केला की तो बुरशीने कुजतो. (शिडांतही आता सुताची जागा पॉलिस्टरने घेतली आहे, कारण ते कमी ताणते. आमच्या सुताच्या धंद्याला हे ऐकायला गोड नाही.)

शिवणाऱ्या भावांनी जोड कौलांसारखा, वरचा पदर खालच्यावर घ्यावा. सारा भार रिंगांवर येतो, म्हणून काठात दोर आणि कोपऱ्यांना दुहेरी ठिगळ हवेच. त्याची मजुरी जास्त मागा, ती हक्काची आहे.

आणि जुनी ताडपत्री टाकू नका. ती थप्पीखाली अंथरा, जमिनीची ओल खालूनही चढते.