डेडस्टॉकमधली क्रांती

वर्गात तंत्रज्ञान येत नाही याचं खापर हल्ली मुख्याध्यापकांच्या डोक्यावर फोडायची पद्धत पडली आहे. "मुख्याध्यापकांची मानसिकता बदलली पाहिजे!" हे वाक्य थंडगार हॉलमध्ये, पुढ्यात पाण्याची बाटली ठेवूनच म्हणायचं असतं. मी बँकेतला साधा बी.कॉम. कारकून. मानसिकतेतलं मला कळत नाही, पण नावे-जमेतलं कळतं. ही रक्कम भलत्याच खात्यावर नावे पडली आहे.

आमचे भावोजी जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. म्हणजे तसं पदच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात पाचवीपर्यंतच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो १५० च्या वर पोरं असली तर. इथं पोरं ४८. तेव्हा भावोजी नुसते 'चार्ज'वाले. तिसरी, चौथी, पाचवी एका खोलीत शिकवायची, आणि माणशी १०० ग्रॅम प्रमाणे ४ किलो ८०० ग्रॅम तांदूळ शिजल्याचं रोज मोबाइलवरून वर कळवायचं. वर माहिती पाठवायचं तंत्रज्ञान त्यांच्यापर्यंत बिनचूक पोचलंय हो! पोरांना शिकवायचं तेवढं वाटेत अडकलंय.

गावानं लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला. नारळ फुटला, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढला आणि कपाटात गेला.

"भावोजी, लावा की!" मी म्हटलं.

"लावतो. थकलेलं वीजबिल तू भरतोस? मीटर काढून नेलंय. आणि चोरीला गेला तर वसुली माझ्या पगारातून. तुझ्या ताईला तूच सांग."

मी बँकेत लागलो तेव्हा कोअर बँकिंग येत होतं. आमचे हेडकॅशियर माउसला हात लावताना आधी रुमालानं पुसायचे. पण संगणकाच्या आधी इन्व्हर्टर आला, भत्त्यासकट प्रशिक्षण झालं, आणि मशीन रुसलं की बोलवायला माणूस होता. मानसिकता कुणी तपासली नाही.

२०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आनंदच आहे. पण तेव्हापासून भावोजींना सभेत विचारतात, "त्यांना जमतं, मग तुम्हाला का नाही?" उद्या आमच्या मॅनेजरनं विचारलं, चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, तुम्ही का नाही? काय सांगू?

असो. परवा रजा टाकून गेलो होतो. भावोजींनी शेजारच्या पिठाच्या गिरणीतून वायर ओढून प्रोजेक्टर लावला. समुद्र न पाहिलेली पोरं. भिंतीवर देवमासा वर आला तशी पहिली रांग चक्क मागे सरकली. एका मुलीनं उठून भिंतीला हात लावून पाहिला, ओली आहे का म्हणून.

तेवढ्यात गिरणीवाला दारात.

"गुरुजी, वायर काढा. दळणाची रांग लागलीय."

भावोजींनी वायर काढली. पोरं मात्र भिंतीकडे तोंड करून तशीच बसून राहिली.