आशाताईंनी कुणाला विचारायचं?

गावात एखादीला दिवस गेले की बातमी आधी नवऱ्याला, मग सासूला आणि लगोलग आशाताईला! तिथून पुढे घरातले सगळे प्रश्न तिच्याच दारात. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतंय, बंद करू का? बाळाचं पोट भरत नाही, वरचं दूध सुरू करू का? लस दिली आणि ताप आला, आता पुढची टाळू का? योजनेचे पैसे अजून का नाही आले? या साऱ्याची उत्तरं आशाताईने उंबऱ्यात उभं राहून, तिथल्या तिथे द्यायची. पण मैत्रिणींनो, खुद्द आशाताईला काही अडलं तर तिने कुणाला विचारायचं, हा विचार आपण कधी केलाय का?

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक आशा, अशी योजना आली. बाळंतपण दवाखान्यात व्हावं, लसीकरण वेळेवर व्हावं, एवढ्यावर सुरुवात झाली. आता दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बघायचं. तिशीपुढच्या माणसांची बीपी-शुगरसाठी यादी करायची. क्षयरोग, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, शिवाय नाना योजनांचे फॉर्म. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, आणि २०२३-२४ मध्ये आपल्याच राज्यातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. मोबदल्याबद्दल बरंच लिहून आलं, यायलाच हवं. पण त्यांची आणखी एक गरज आहे, जी मोर्चाच्या फलकावर दिसत नाही. ती म्हणजे नेमकी, ताजी, समजेल अशा मराठीतली माहिती.

कुणी म्हणेल, त्यांना प्रशिक्षण मिळतं, दर महिन्याला बैठक होते, मग आणखी काय हवं? हाच प्रश्न मी ओळखीच्या एका आशाताईला विचारला. ती हसली आणि म्हणाली, ‘‘ताई, बैठकीत आम्हाला आकडे विचारतात. किती गरोदर, किती लसी, किती फॉर्म. आमच्या मनातलं विचारेपर्यंत घरी जायची वेळ होते.’’ माहिती तिच्याकडून वर जाते, पण तिच्याकडे खाली येते ती बहुतेक वेळा आदेश म्हणून.

याने काय बिघडतं ते बघा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत २०१७ साली पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये तीन हप्त्यांत मिळत. २०२२ पासून तेच पैसे दोन हप्त्यांत झाले, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळू लागले. ज्या आशाताईच्या पिशवीत जुनंच पत्रक आहे, ती काय सांगणार? ‘‘दुसऱ्या खेपेला काही मिळत नाही गं.’’ आणि एखाद्या मजूर बाईचे हक्काचे सहा हजार रुपये कागदावरच राहणार.

दुसरं उदाहरण जुलाबाचं. लहान मुलाला जुलाब लागले तर ओआरएस बरोबर झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते. दोन दिवसांत जुलाब थांबतात आणि आई गोळ्या बंद करते. ‘‘बरं झालंय की आता, कशाला उगीच औषध?’’ झिंकमुळे पुढचे काही महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता कमी होते, हे कारण आशाताईला ठाऊक असेल तर ती आईला पटवू शकते. नुसतं ‘चौदा दिवस द्या’ एवढंच ठाऊक असेल तर तिचं कोण ऐकणार?

तिसरी गोष्ट जरा कुजबुजत बोलली जाणारी. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, असे फलक प्रत्येक दवाखान्यात असतात. ते हवेतच. पण त्यामुळे कितीतरी जणींची समजूत झाली आहे की गर्भपातच बेकायदा आहे. खरं तर आपल्याकडे १९७१ पासून ठरावीक अटींवर गर्भपाताला कायद्याने परवानगी आहे आणि २०२१ मध्ये त्या कायद्यात सुधारणाही झाली. हे माहीत नसलेली बाई मान्यताप्राप्त केंद्रात न जाता कुणातरी भोंदूकडे जाते आणि जिवावर बेततं. इथे चुकीच्या माहितीची किंमत पैशात मोजता येत नाही.

‘अहो, आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे!’ आहे ना. पण ग्रुपवर साहेबांचा आदेश, सुप्रभातची फुलं आणि कुणीतरी पुढे ढकललेली अफवा एकाच रांगेत येतात. २०२१ मध्ये कोरोनाची लस घेतली की मूल होत नाही, ही अफवा मोबाइलवरूनच घरोघरी गेली आणि ती खोडायला त्याच घरांत आशाताईला पायी जावं लागलं. शिवाय गेल्या महिन्यातलं परिपत्रक आज हवं असेल तर ते शोधायचं कुठे?

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यांतल्या कित्येकींनी शाळा पाहिली नव्हती. त्या नियमितपणे एकत्र जमत, आपल्या गावातले प्रश्न मांडत आणि शिकून परत जात. शिकणं एकदाच उरकलं जात नव्हतं, ते चालूच राहत होतं. विचारायला हक्काची जागा मिळाली की कमी शिकलेली बाईसुद्धा गावाला आधार वाटू लागते, हे जामखेडने दाखवलं.

अशी जागा नव्याने बांधायची गरज नाही. ती आपल्याकडे आहे. वाचनालय! १९६७ साली आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि आज अकरा हजारांहून अधिक ग्रंथालयं शासनमान्य आहेत. तिथे काय दिसतं? पेपर वाचणारी चार पुरुष मंडळी, कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. हे सगळं असू दे. त्याच्या शेजारी एक कपाट आरोग्याचं का नसावं?

त्या कपाटात फार काही नको. आशांच्या प्रशिक्षणाची पुस्तकं, योजनांची ताजी पत्रकं, लसीकरणाचं वेळापत्रक, जवळच्या मान्यताप्राप्त दवाखान्यांची यादी, सोप्या मराठीतली चार चांगली आरोग्याची पुस्तकं. प्रत्येक कागदावर तारीख हवी. नवं आलं की जुनं काढून टाकायचं. ही शिस्त ग्रंथपालाइतकी कुणाला असते? आणि एक प्रश्नवही ठेवायची. नाव न लिहिता आशाताईने प्रश्न लिहायचा, ग्रंथपालाने तो आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून सोडवून आणायचा. ग्रंथपालाने डॉक्टरकी करायची नाही, हे मात्र पक्कं. उत्तर कुठून मिळेल ते शोधून देणं, हे त्याचं काम.

अडचणी आहेत. अनुदान तुटपुंजं, ग्रंथपालाचं मानधन त्याहून तुटपुंजं. अनेक वाचनालयं आशाताई फेऱ्यांवर असते नेमकी तेव्हाच उघडी असतात. आदिवासी पाड्यांवर वाचनालय नाहीच, तिथे पुस्तकांची पेटी उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत न्यावी लागेल. आणि जिथे बोली वेगळी आहे तिथे नुसत्या छापील मराठीने भागणार नाही, चित्रं लागतील.

म्हणून हे काम सरकारवर सोडून आपण मोकळ्या व्हायचं नाही. आपल्यापैकी कुणी वाचनालयाच्या सभासद आहेत, कुणी महिला मंडळात, कुणी ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. महिला ग्रामसभेत उठून एवढंच विचारा, की त्यातून या कपाटासाठी काही देता येईल का? वाचनालयाच्या वार्षिक सभेत आठवड्यातून एक दुपार आशाताईंसाठी मागून घ्या. हळदीकुंकवाच्या वाणात प्लास्टिकच्या डब्यांऐवजी यंदा त्या कपाटासाठी एकेक पुस्तक द्या.

आपल्या सुनेचं बाळंतपण, आपल्या नातवाचा ताप, आपल्या सासूबाईंची शुगर, सगळ्याला आशाताई हवी असते. तिच्या तोंडून निघालेला शब्द आपल्या घरात औषधासारखा घेतला जातो. तो शब्द खरा आणि ताजा असावा, ही गरज तिच्याइतकीच आपलीही आहे.