बाप एवढा चांगला असतो का?

'वारणम आयिरम' (२००८) बघून मित्र म्हणाला, "बाप एवढा चांगला असतो का रे? सगळंच गोड गोड!"

अरे, पण गोष्ट सांगतंय कोण? वडील गेल्याचं कळूनही हेलिकॉप्टरमधून मोहिमेवर निघालेला मुलगा. आठवणीतला बाप चांगलाच असणार! खुद्द दिग्दर्शक गौतम मेननचे वडील २००७ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी हा सिनेमा आला. बाप आणि मुलगा, दोन्ही भूमिकांत सूर्याच आहे, तेही उगाच नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. हे सगळं बाप गेल्यावरच का सुचावं? आमचा रविवारचा फोन बघा: "जेवलास?" "हो." "थांब, आईला देतो." संपलं!

म्हणून सांगतो, सिनेमाला नावं नंतर ठेवा. आधी बाबांना फोन लावा. आणि ते आईला द्यायला लागले की म्हणा, "थांबा बाबा, तुमच्याशीच बोलायचंय."