दोषी तेलच काय?

इंजिन बसले की खापर फोडावयास तेलाचा डबा आयताच सापडतो. बसमालक तेलविक्रेत्यावर संतापतो, विक्रेता मिस्त्रीकडे बोट दाखवितो आणि मिस्त्री चालकाकडे. या गदारोळात खरे कारण शोधण्याचे राहूनच जाते. कर्ज काढून घेतलेल्या एकुलत्या एका बसवर ज्याचा संसार चालतो, त्याला हा गोंधळ परवडणारा नाही.

तेलाचे काम केवळ घर्षण कमी करण्याचे नव्हे. ते उष्णता वाहून नेते आणि काजळी आपल्यात सामावून घेते. म्हणूनच डिझेल इंजिनातील तेल लवकर काळे पडते. हा त्याचा दोष नसून कर्तव्यपूर्तीची खूण आहे. योग्य प्रतीचे तेल बहुधा आपण होऊन बिघडत नाही, ते बिघडविले जाते. एअर फिल्टर फाटला की खाणपट्ट्यातील तांबडी धूळ आत शिरून पिस्टनच्या रिंगा झिजविते. हेड गॅस्केटमधून पाणी झिरपले की तेल दुधाळ होते. इंजेक्टर गळू लागला की डिझेल मिसळून ते पातळ होते. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर गाडी घातली व सिलिंडरमध्ये पाणी गेले, तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तेथे तेलाला बोल लावणे म्हणजे आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी!

याचा अर्थ तेल सदैव निर्दोष असते, असा नव्हे. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांत वापरलेले तेल भरून विकणे हा निव्वळ गुन्हा होय. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. तो अधिकृत प्रक्रियादारांकडेच गेला पाहिजे. त्यावर शासनाची करडी नजर हवी.

परंतु आरोप करण्यापूर्वी पुरावा राखावयास हवा. इंजिन उघडताना निथळलेले थोडे तेल स्वच्छ बाटलीत घ्यावे, फिल्टर फेकू नये, खरेदीची पावती जपावी. तेलात सिलिकॉन आढळल्यास धुळीचा, ग्लायकॉल आढळल्यास कूलंटचा माग प्रयोगशाळेत लागू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगही सदोष मालाचा नमुना सीलबंद करून तपासणीस पाठवू शकतो. गॅरेजवाल्यांनीही बिलासोबत बिघाडाचे कारण लेखी देण्याचा प्रघात पाडावा.

रोगाचे निदान न करता औषध बदलणारा वैद्य आपण दारात उभा करीत नाही. मग इंजिनाच्या बाबतीतच ही अंधश्रद्धा का?