उभी फटफटी

दिवाळीत कानठळ्या बसल्या तरी कोणी फारसे रागावत नाही. आवाज हा आनंदाचाच, असे आपण धरून चालतो. मेलेल्यांसाठी मात्र दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे, ही रीत. म्हणूनच फटफट्यांचा गडगडाट करून मृत सोबत्यांना मान देणारी माणसे आहेत हे ऐकले, की आपल्याला नवल वाटते.

ही माणसे अमेरिकेतली. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले शिपाई. बेपत्ता सोबत्यांचे काय झाले ते सरकारने सांगावे, म्हणून १९८८ साली सुमारे अडीच हजार फटफट्या वॉशिंग्टनमध्ये दाखल झाल्या. पुढे २०१९ पर्यंत दरवर्षी मेअखेर, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनाच्या आदल्या दिवशी, ही 'रोलिंग थंडर' फेरी निघे. संरक्षण खात्याच्या इमारतीपासून सुटायची आणि काळ्या भिंतीकडे जायची.

ही भिंत १९८२ सालची. तिचा दगड गेला आहे आपल्या बंगळूरकडून! त्यावर अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावे आहेत. मृत्यूची खात्री झाली असेल तर नावाशेजारी पत्त्यांतल्या चौकटच्या पानावर असते तशी खूण. माणूस बेपत्ता असेल तर अधिकचे चिन्ह. अवशेष सापडून ओळख पटली, की त्या अधिकवर चौकट कोरतात. आणि कोणी जिवंत परतलाच, तर चिन्हाभोवती वर्तुळ कोरायचे, असे ठरले आहे. ते वर्तुळ कोरण्याची वेळ अजून एकदाही आलेली नाही.

१९९५ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या माजी सैनिकांनी एक हार्ले-डेव्हिडसन या भिंतीपाशी आणून ठेवली. अट एकच: आमच्या राज्यातल्या ३७ बेपत्ता जवानांचा छडा लागेपर्यंत हिच्यावर कोणी बसायचे नाही. गाडी सरकारी संग्रहात गेली. ज्यांना तिचा गडगडाट सर्वांत प्रिय, त्यांनीच तिला मुकी केली.

ज्याचा देहच सापडला नाही त्याचे दिवस करावेत, की वाट पाहावी? १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतून जे परतलेच नाहीत, त्यांच्या घरच्यांनाही हाच प्रश्न पडला असेल. दिवाळीत आकाशकंदील त्याही घरी लागतो. तो गेलेल्याला वाट दाखवतो की येणाऱ्याला, हे तिथे कोणी कोणाला विचारत नाही.