गृहीत धरलेली वाट

परवा संध्याकाळी नात व्हिडिओ कॉलवर वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणाची तालीम करून दाखवत होती. भाषण रंगात आलं आणि चित्र गोठलं. पोरीचं तोंड उघडं ते उघडंच! जोडणी काही सुधारेना. तिची झोपायची वेळ झाली, आणि स्पर्धा दुसऱ्या दिवशी. शेवट ऐकायचा राहिला तो राहिलाच.

झालं होतं असं. दुपारी वीज गेली, राउटर बंद पडला, म्हणून मी मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून टेदरिंग चालू केलं. (माझ्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने लिनक्स घालून दिलं आहे.) वीज आली, वायफाय आपोआप जोडलं गेलं. नावापुढे 'जोडलेले' बघून मी निश्चिंत. केबल तशीच राहिली, म्हटलं फोन चार्ज होतोय. प्रत्यक्षात सगळी ये-जा मोबाईलवरूनच चालली होती. दिवसाचा १.५ जीबी डेटा संपला आणि वेग ६४ केबीपीएसवर आला. दाराशी भरलेली विहीर आणि आम्ही माठातलं पाणी पुरवून पुरवून पितोय, अशी गत!

"मावशी, ती केबल काढ आधी," भाचा म्हणाला. मग त्याने 'आयपी राउट' ही आज्ञा द्यायला लावली. 'डिफॉल्ट' शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसायच्या, एक केबलची, एक वायफायची. घरातल्या घरात, म्हणजे प्रिंटर वगैरेंकडे जायचं सोडून बाकी साऱ्या जगाकडे जायची वाट म्हणजे हा डिफॉल्ट रूट. अशा वाटा दोन असल्या तर प्रत्येकीपुढचा 'मेट्रिक' नावाचा आकडा बघायचा. आकडा लहान, तिचा मान मोठा. लिनक्सवरचा नेटवर्क मॅनेजर तारेच्या जोडणीला १०० देतो आणि वायफायला ६००. यूएसबीने जोडलेला मोबाईल त्याला तारेचीच जोडणी वाटतो!

म्हणजे क्रम लागतो तो जातीवरून. वेग किती, पैसे कोणाचे जातात, हे कोणी विचारत नाही. वाट पुढे इंटरनेटपर्यंत पोचते का, ही तपासणी चालू असेल तर न पोचणाऱ्या वाटेच्या आकड्यात २०,००० मिळवून तिला मागे ढकलतात, हे खरं. पण रखडत का होईना, पोचणारी वाट त्या परीक्षेत पास होते. पस्तीस मार्कांवाली पहिल्या बाकावर!

करणाऱ्यांना मी दोष देत नाही. तार बहुधा वायफायपेक्षा भरवशाची, तेव्हा अंदाज चुकीचा नाही. माझं म्हणणं एवढंच की दोन वाटा उघड्या असताना यंत्राने गुपचूप ठरवू नये, एकदा तरी विचारावं. मॅकओएसमध्ये जोडण्यांची यादीच असते, ओढून वरखाली करता येते. फ्रीबीएसडीमध्ये 'आरसी.कॉन्फ' या फाइलीत 'डिफॉल्टराउटर' हाताने लिहिता येतो. कटकट खरी, पण आपण काय लिहिलं ते आपल्याला ठाऊक असतं. माझ्या लिनक्सच्या सेटिंगच्या खिडकीत मात्र हा आकडा कुठे दिसलाच नाही. शेवटी 'एनएमसीएलआय' आज्ञेने घरच्या वायफायचा राउट-मेट्रिक ५० केला. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींसाठी वेगवेगळा करावा लागतो. एकच केला तर अर्धी रहदारी जुन्याच वाटेने जायची. आता वीज असली की वायफाय, नसली की मोबाईल.

'डिफॉल्ट'ला मराठीत 'गृहीत' म्हणावं असं मला वाटतं. गृहीत धरणं म्हणजे काय, हे आम्हा बायकांना वेगळं शिकवावं लागत नाही. :-) कोणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं, बहुधा चांगल्याच हेतूने, आणि पुढे कोणी विचारतच नाही. मग बिघडतं तेव्हाच ते असल्याचं कळतं.

तेव्हा मंडळी, दोन जोडण्या चालू असतील तर 'जोडलेले' या शब्दावर विसंबू नका. कोणत्या वाटेने चाललोय ते एकदा बघून घ्या.

असो. नातीला सांगितलंय, भाषण पुन्हा पहिल्यापासून ऐकव. केबल काढून ठेवली आहे!