लाटांचे ढग आणि पेरणीची घाई

आभाळात नांगरटीच्या तासांसारखे ढगांचे पट्टे दिसले, की हात पाभरीकडे जातो. जरा थांबा! सह्याद्री ओलांडताना वारा वर उचलला जातो आणि घाटाच्या पूर्वेला कधी कधी लाटांसारखा खाली-वर होत पुढे सरकतो. लाट चढते तिथे ढग धरतो, उतरते तिथे विरतो. असे ढग वाऱ्याची चाल सांगतात, पावसाची हमी देत नाहीत. कृषी विभागाचा सल्ला साधा आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी नको. गावच्या महसूल व पंचायत अधिकाऱ्यांनीही मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा रोज चावडीच्या फळ्यावर लिहावा. दुबार पेरणीचे बियाणे काही आभाळातून पडत नाही.